बैलाले इचारा

“हळू म्हना बाबा, भिंतीपल्याड ऐकू जाते,” मी म्हटलं.

बाबा गोठ्यात मोऱ्या बैलाच्या पाठीवर हात ठेवून उभे होते आणि माझ्या वहीतल्या चार ओळी पाठ करत होते. पोळ्याच्या आदल्या दिवसाची संध्याकाळ. बैल नदीवरून न्हाऊन आले होते, चुलीपाशी आईनं हळद कालवायला घेतली होती आणि मी दाराशी पहाऱ्याला उभी होते. पहारा कशाचा, तर झडती मी लिहिलेली आहे हे कुणाला कळू नये याचा.

आमच्या वऱ्हाडात पोळ्याला बैल तोरणाखाली उभे राहिले की झडत्या होतात. चार-सहा ओळींची यमकं जुळवलेली बोलणी असतात ती. वर्षभर ज्याच्याबद्दल पाठीमागे कुजबुज झाली, त्याला त्या दिवशी चारचौघांत तोंडावर ऐकवायचं, मग तो पाटील असो की पुढारी. ऐकणाऱ्यानं रागवायचं नाही. उत्तर द्यायचं तर झडतीनंच द्यायचं. आमच्या कोठारखेड्यात आणखी एक जादा नियम होता. उत्तर सुचलं नाही, तर म्हणणारा सांगेल त्या बैलाचा कासरा धरून त्याला गावातून फिरवायचं. तालुक्याच्या एका साहेबाला नव्याकोऱ्या बुटांनिशी चिखलातून बैलामागे जाताना मी लहानपणी पाहिलं होतं, आणि साहेब हसत होते.

गावात झडती म्हणावी ती माझ्या बाबांनी, वामनराव मोहोडांनी. आवाज असा की तोरणाची पानं हलावीत. पण जुळवाजुळव आजोबांची असायची, आणि आजोबा गेल्यापासून बाबांची पंचाईत झाली. तीन वर्षं त्यांना मी झडत्या लिहून देत होते. तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते, तालुक्याच्या कॉलेजात जात होते. “पोरीनं लिहिली म्हून कळलं तं गाव हासन मले,” असं बाबांनी बजावलं होतं. टाळ्या त्यांना मिळायच्या आणि मी बायकांच्या घोळक्यात उभी राहून त्या मोजल्यासारखं करायची. राग यायचा का? यायचा. पण बाबांच्या आवाजात माझी ओळ ऐकली की तो विरूनही जायचा.

त्या वर्षीची झडती मात्र नेहमीसारखी नव्हती. ती दिवाकर लोणारेवर होती.

दिवाकरभाऊ आमच्याच गावचा. गावात शिकला, मुंबईला गेला, आणि टीव्हीवरच्या एका मालिकेत पोलीस इन्स्पेक्टर झाला. संध्याकाळी तो दिसला की गावातली पोरं पडद्याला सलाम ठोकायची. पुढे त्याला नाव मिळालं आणि नावापाठोपाठ मतं आली. पाणीप्रश्नापासून परराष्ट्र धोरणापर्यंत पेपरवाले त्याला विचारायचे आणि तो बिनधास्त सांगायचा. स्पष्टवक्ता म्हणून त्याचा बोलबाला झाला. त्या श्रावणात रविवारच्या पुरवणीत त्याची पानभर मुलाखत आली. त्यात तो म्हणाला होता, “मी खेड्यातून आलोय, म्हणून सांगतो. खेड्यातल्या माणसाला स्वतःचं मत नसतं. हाकाल तिकडे जातो. त्याला मत विचारणं म्हणजे गाडी कुठे न्यायची हे बैलाला विचारणं.”

ती मुलाखत ग्रामपंचायतीच्या ओट्यावर बाबांनीच मोठ्यानं वाचली होती. वाचून झाल्यावर त्यांनी पेपर घडी घालून ओट्यावर ठेवला. मग रंगू टेलर म्हणाला, “म्हंजे आपन बैल.” एवढंच. पण ते प्रत्येकाला लागलं. मलाही लागलं. मी याच गावातली होते आणि माझी वही मतांनी भरलेली होती.

गंमत अशी की पोळ्याला बक्षीस वाटायला त्याला चार महिने आधीच बोलावून ठेवलं होतं. आता तो येणार नाही असं सगळ्यांना वाटलं. पण निरोप आला, येतोय. मग गावानं ठरवलं, गालबोट लागेल असं काही करायचं नाही, काळे झेंडे नाहीत की घोषणा नाहीत. पोळा आहे ना? तोरणाखाली तोंडावर ऐकवू. नाही ऐकवलं, तर तो म्हणाला तेच खरं ठरेल. आणि ऐकवणार कोण, तर वामनराव. म्हणजे मी.

“पडद्यावरचा साहेब मोठा, हाती त्याच्या काठी,” बाबा म्हणत होते, आणि तेवढ्यात दारातून आवाज आला, “वामन, लोनी आनलं रे.”

सरूमाय! दिवाकरभाऊची आई. मी पहाऱ्यावर होते, पण माझं लक्ष ओळींकडे. बाबांनी वही वैरणीत खुपसली आणि एकाएकी मोऱ्याचे खूर तपासायला लागले.

सरूमाय पंचाहत्तरीची, वाळलेली, पण पाठीत बाक नाही. लेक मुंबईला न्यायला तयार होता. ती जात नव्हती, आणि चार वर्षांत तोही गावाला आला नव्हता. तिची शेती बाबा वाहायचे. मोऱ्या तिच्याच गाईचा. म्हणून खांदमळणीचं लोणी दरवर्षी तीच आणायची आणि स्वतःच्या हातानं मोऱ्याच्या खांद्याला चोळून त्याला आमंत्रण द्यायची. त्याही दिवशी तिनं हळद-लोणी चोळलं आणि त्याच्या कानाशी म्हणाली, “आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.” बाबा तेवढ्यात पाणी आणायचं निमित्त करून सटकले.

“काय म्हनत होता व तुहा बाप?” तिनं मला विचारलं.

“काई नाई माय. गानं.”

“पडद्यावरचा सायेब कोन हाय, हे मले समजत नाई काय? आन ते वही.”

बाबा गेले त्या दाराकडे मी पाहिलं. पण सरूमायला नाही म्हणायची गावात कुणाची टाप नव्हती. मी वैरणीतून वही काढली.

“वाच.”

मी वाचलं.

“अजून एकडाव.”

मी पुन्हा वाचलं. तिसऱ्यांदाही तिनं वाचायला लावलं. ऐकताना ती मोऱ्याच्या खांद्याकडे बघत होती आणि तिचे ओठ नुसते हलत होते. मग तिनं पदराला हात पुसले.

“हे अक्षर तुहं हाय,” ती म्हणाली.

“तुले वाचता येते माय?”

“वाचता नाई येत. पन तुह्या बापाचं अक्षर असं सरळ उभं राहीन काय?”

एवढं बोलून ती निघून गेली. हसली नाही, रागावली नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एकुलत्या एका लेकाची टिंगल मी त्याच्या आईला तीन तीनदा वाचून दाखवली होती.

बाबांना सांगितलं तेव्हा ते मटकन खाटेवर बसले. “आता मी कसा म्हनू मंदे? तुही माय बाजेवर होती तवा तिच्या गाईच्या दुधावर तू वाढली. तिच्यासमोर तिच्या लेकाले कसा बोलू?”

“पन मग उत्तर कोन देईन?”

“देईन कोनीतरी. रंगू हाय, देवमन पाटील हाय. येका मी नाई म्हटलं तं का गाव मुकं होते?”

मी रागानं वही गादीखाली ढकलली. राग बाबांवर होता, स्वतःवर होता आणि थोडा सरूमायवरही होता.

दुसऱ्या दिवशी दुपार कलल्यावर सगळं गाव तोरणाशी जमलं. आंब्याच्या पानांचं लांबलचक तोरण, खाली चाळीस-पन्नास जोड्या. झुली, गोंडे, रंगवलेली शिंगं, घुंगरांचा नुसता कल्ला. दिवाकरभाऊ पांढऱ्याशुभ्र कुडत्यात खुर्चीवर बसला होता. शेजारच्या खुर्चीवर सरूमायला मानानं बसवलं होतं. ती नवं लुगडं नेसून ताठ बसली होती आणि समोर बघत होती.

झडत्या सुरू झाल्या. पहिला रंगू टेलर पुढे आला. माणसं सरसावली. रंगूनं खुर्चीकडे बघितलं, दिवाकरभाऊकडे नाही, सरूमायकडे. मग त्यानं लोडशेडिंगवर झडती म्हटली. लोक हसले, पण ओढूनताणून. मग देवमन पाटील आले. पाटलांनी पंधरा दिवस घासूनपुसून ठेवलेली झडती होती, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. त्यांनीही सरूमायकडे पाहिलं आणि वेळेवर न येणाऱ्या एसटीला धरलं. त्यानंतर बाबा. टाळ्यांनी जागा हादरली. बाबांनी छाती भरून श्वास घेतला आणि माझ्या दोन वर्षांपूर्वीच्या, पावसावरच्या झडतीला हात घातला. गावानं ती आधी ऐकलेली होती. शेवटी कुणीतरी उपकार केल्यासारखं “हर हर महादेव” म्हटलं.

त्या दिवशी प्रत्येकाला वाटलं की एकट्या आपणच माघार घेतोय, दुसरा कुणीतरी बोलेल. असं करता करता सगळे दुसरेच झाले.

मग सरपंचांनी दिवाकरभाऊच्या हाती माइक दिला. तो उठला, गोड हसला. आवाज टीव्हीवरच्यासारखाच होता, पोटातून येणारा.

“मंडळी, खरं सांगू? मी आज तयारीनं आलो होतो. म्हटलं, आपण जे बोललो त्यावर आपलं गाव आपल्याला सोलून काढणार.” तो जरा थांबला. “पण इथं तर लोडशेडिंग, एसटी आणि पाऊस! म्हणजे मी बोललो ते फारसं चुकलं नाही असं म्हणायचं का? अजूनही कुणाला काही म्हणायचं असेल तर म्हणा. मी ऐकायला उभा आहे.”

कुणी हललं नाही. घुंगरं तेवढी वाजत होती. मी बायकांत उभी होते आणि माझ्या जिभेवर चार ओळी आल्या होत्या. पण तोरणाखाली बाई कधी बोललेली नव्हती, आणि खुर्चीवर सरूमाय होती. मी तोंडात पदर धरला.

आणि सरूमाय उठली.

“दिवाकर, बाजूले सरक,” ती म्हणाली. मग ती तोरणाखाली आली, दोन बैलांच्या मधोमध उभी राहिली आणि आधी गावाकडे वळली. असा तिचा चेहरा मी कधी पाहिला नव्हता. ती चिडली होती.

“कावून रे, रंगू? कावून, पाटील? माह्या लेकानं काय घोडं मारलं तुमचं? दरसाल तुमी सरपंचाले बोलता, मास्तरले बोलता, येकमेकाच्या पोट्ट्याले बोलता. माह्याच लेकाले कोनी बोलत नाई? पाव्हन्याले मान देतेत, आपल्या मानसाले झडती देतेत. मंग माहा लेक गावानं पाव्हना केला काय?”

रंगू टेलर खाली बघायला लागला. बाबांनी टोपी काढून हातात घेतली. आम्ही सगळ्यांनी जी माया म्हणून दाखवली, तिनं त्या म्हातारीचा लेक गावातून वजा झाला होता. हे आमच्यापैकी एकाच्याही ध्यानात आलं नव्हतं.

सरूमाय लेकाकडे वळली, कमरेवर हात ठेवला आणि बारीक पण खणखणीत आवाजात सुरू झाली:

“पडद्यावरचा साहेब मोठा, हाती त्याच्या काठी,
दुसरा लिहून देते अन् हा बोलते पोटासाठी;
म्हने, गावाले मत नाई, हाकलं तिकडं जाते…”

आणि ती अडली. शेवटची ओळ ती विसरली की तिच्या गळ्यात अडकली, ते मला आजही सांगता येणार नाही. ओठ हलले, आवाज फुटला नाही. तिची नजर बायकांच्या घोळक्यात फिरली आणि माझ्यावर येऊन थांबली.

“मंदे, पुढचं म्हन व.”

चारशे माणसांनी माना वळवल्या. बाबांचा चेहरा पांढरा पडला. पळून जावं असं वाटलं, खोटं कशाला बोलू. पण ओळ माझी होती आणि ती अर्धवट राहिली होती. मी तोंडातला पदर सोडला आणि होता नव्हता तेवढा जीव एकवटून ओरडले:

“अरे, बैल तरी सांजच्याले घरी वापस येते!
एक नमन गौरा पार्वती, हर बोला हर हर महादेव!”

त्या ‘हर हर महादेव’नं कावळे उडाले. माणसं एकमेकांच्या गळ्यात पडून हसत होती, पाटलांना ठसका लागला, रंगूनं टोपी उडवली. दिवाकरभाऊनं आधी आईकडे पाहिलं. मग त्याच्या चेहऱ्यावर हसू आलं, आणि हे टीव्हीवरचं नव्हतं. त्यानं उत्तर द्यायला तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं.

“द्या रे कोनी लिहून सायेबाले!” रंगू ओरडला, आणि पुन्हा हशा उसळला.

“हरलो,” दिवाकरभाऊ म्हणाला. “कुठला बैल?”

“मोऱ्या,” सरूमाय म्हणाली.

बाबांनी कासरा त्याच्या हाती दिला. पांढऱ्या कुडत्यातला इन्स्पेक्टर बैलाशेजारी उभा राहिला आणि सवयीनं विचारता झाला, “कुठल्या घरापासून सुरुवात करायची?”

कुणी ठरवलं नव्हतं, कुणी खूण केली नव्हती. पण सगळं गाव एका तोंडानं ओरडलं, “बैलाले इचारा!”

विचारायची वेळच आली नाही. मोऱ्यानं मान हलवली आणि तो चालू लागला. दिवाकरभाऊ मागे, जवळजवळ फरफटत. त्यामागे गाव. पाटलांचं घर आलं, मोऱ्या थांबला नाही. आमचं घर आलं, आईनं ताट पुढे केलं, तिकडेही बघितलं नाही. शाळेमागच्या डबक्यातून तो थेट गेला आणि कुडतं गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलं. शेवटच्या आळीत, पळसाची डहाळी लावलेल्या सरूमायच्या दारात त्यानं मुंडकं घातलं आणि ढिम्म उभा राहिला. आदल्या दिवशी त्याला तिथलं आवतण होतं ना.

दिवाकरभाऊ त्या उंबऱ्यावर बसला. चार वर्षांनी बसत होता. सरूमाय धापा टाकत मागून आली, आत गेली आणि पुरणपोळ्यांचं ताट घेऊन बाहेर आली. त्यानं हात पुढे केला, तो तिनं बाजूला सारला.

“पयले त्याले. तो आवतन घेऊन आला. मंग तुले.”

मोऱ्यानं पोळी खाल्ली, मग लेकानं खाल्ली. खाता खाता तो मला म्हणाला, “शेवटची ओळ जबरदस्त होती. ती तुझी का?”

बाबा दोन हातांच्या अंतरावर उभे होते. त्यांच्याकडे न बघता मी म्हटलं, “चारही माह्याच होत्या.”

बाबा खाकरले. मला वाटलं, आता संपलं. पण ते पुढे आले आणि त्याच तोरण हलवणाऱ्या आवाजात सगळ्या आळीला ऐकू जाईल असं म्हणाले, “तीन सालापासून सगळ्याच तिच्या हायेत. मी निस्ता भोंगा.”

गाव हसलंच. पण बाबांना वाटत होतं तसं नाही.

पुढच्या पोळ्याला तोरणाखाली मी स्वतः उभी राहिले. नंतर दोनदा सरपंच झाले, तेव्हा माझ्यावरही झडत्या झाल्या. रंगूच्या लेकानं तर माझ्या भाषणांच्या लांबीवर अशी काही झडती म्हटली की उत्तर सुचेना, आणि मी मुकाट्यानं कासरा धरला. दिवाकरभाऊची मतं काही कमी झाली नाहीत. अजूनही तो टीव्हीवर काहीबाही बोलतो, पेपरात खळबळ उडते, आणि पोळ्याच्या आठवडाभर आधी मला त्याचा फोन येतो, “यंदा माझ्यावर आहे ना गं?” एकही पोळा त्यानं चुकवला नाही.

सहा वर्षांपूर्वी उन्हाळ्यात सरूमाय गेली. त्या पोळ्यालाही तो आला. तोरणाखाली मोऱ्याच्या जागी आता आमचा पाखऱ्या बैल होता. गावानं आपापसांत ठरवलं, यंदा दुःख ताजं आहे, त्याला काही बोलायचं नाही. वीज, रस्ता, कापूस यांवर झडत्या झाल्या. दिवाकरभाऊ तोरणाशी एकटा उभा होता. शेजारी रिकामी खुर्ची. पाहुण्यासारखा, हात बांधून. त्यानं एकदाच माझ्याकडे पाहिलं, आणि मला त्या म्हातारीचा चिडलेला चेहरा आठवला.

माझ्याकडे लिहून आणलेलं काही नव्हतं. मी पुढे झाले, कमरेवर हात ठेवला:

“माय गेली म्हून, साहेब, गाव इसरशीन काय?
उंबऱ्यावर न्याले पाखऱ्या तुही वाट पाहत हाय!”

पुढच्या ओळी मला जुळल्याच नाहीत, आणि कुणी मागितल्याही नाहीत. दिवाकरभाऊचे डोळे वाहत होते आणि तो हसत होता. उत्तर द्यायचा त्यानं प्रयत्नही केला नाही. पुढे होऊन त्यानं आमच्या पाखऱ्याचा कासरा हातात घेतला.

“कोनतं घर?” त्यानं विचारलं. बऱ्याच वर्षांनी तो आमच्या बोलीत बोलला होता.

गावानं काय सांगितलं ते सांगायला नकोच. पाखऱ्या निघाला. सरूमायचं दार माझ्या आईनं सकाळीच उघडून ठेवलं होतं. ओटा सारवला होता आणि पळसाची डहाळी लावून चुलीवर पुरण ठेवलं होतं.